माणूस तारेने पाठवता येईल?

गेल्या महिन्यात एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बसले होते. विषय फळ्यावर खडूने लिहिलेला: ‘या सभेच्या मते माणसाचे टेलिपोर्टेशन एक दिवस शक्य होईल.’ अनुकूल बाजूचे पाचही वक्ते राइट बंधूंपासून सुरू झाले. विमानाला लोक हसले, चंद्रावर जायचं म्हटल्यावर हसले, तेव्हा आज हसणारेही उद्या तोंडघशी पडतील, एवढाच त्यांचा मुद्दा. प्रतिकूल बाजूने निसर्गाशी खेळ नको म्हणून बजावलं आणि ‘आत्मा कसा पाठवणार?’ असं विचारलं. एका मुलीने मधेच नारदमुनींना आणलं, हे सगळं आपल्याकडे होतंच म्हणाली आणि भरघोस टाळ्या घेतल्या. तीन तास सभा चालली. टेलिपोर्टेशन म्हणजे नेमकं काय, त्यात कुठून कुठे काय जातं, हे मात्र कुणी विचारलं नाही. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. मोठी माणसंही हा वाद असाच घालतात: एका बाजूला विज्ञानावरची आंधळी श्रद्धा, दुसऱ्या बाजूला विज्ञानाची आंधळी भीती, आणि मध्ये विज्ञानाला जागाच नाही. सत्तावीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं असल्यामुळे हे मला लागतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. टेलिपोर्टेशन कधी शक्य होईल, हा प्रश्न आता शिळा झाला आहे. प्रयोगशाळेत ते १९९७ सालीच झालं. पण त्या प्रयोगात जे झालं ते वेगळं आणि त्या सभेतल्या मुलांच्या डोळ्यांपुढे जे होतं ते वेगळं. माणूस पुण्यात नाहीसा होऊन क्षणात लंडनमध्ये उभा राहील, असं कधी होईल यावर माझा विश्वास नाही, आणि त्याचं कारण आजची यंत्रं तोकडी आहेत हे नव्हे. जी पद्धत खऱ्या अर्थाने टेलिपोर्टेशन आहे, ती जिवंत माणसाला लागू पडत नाही. जी पद्धत माणसाला कदाचित लागू पडेल, ती टेलिपोर्टेशन राहतच नाही, ती नक्कल होते. या कात्रीतून सुटायची वाट मला दिसलेली नाही.

आधी तारेची गोष्ट. आमच्या जुन्या ट्रंकेत आईच्या लग्नात आलेली एक तार आहे. पिवळा पडलेला कागद, त्यावर यंत्रातून निघालेल्या अरुंद पट्ट्या कापून चिकटवलेल्या, सगळी मोठी इंग्रजी अक्षरं. डिंक सुकून एक पट्टी उचकटली आहे, तिच्याखालचा कागद अजून पांढरा आहे. आईचे काका नागपूरला होते, त्यांना येणं जमलं नाही, म्हणून त्यांनी रत्नागिरीला तार केली. हा कागद नागपूरहून आलेला नाही. शाई नागपूरची नाही, डिंकही नाही. काकांनी तिथे भरलेला फॉर्म तिथेच राहिला. तरी आई शेवटपर्यंत ‘काकांची तार’ म्हणत होती आणि तिचं बरोबरच होतं. त्या काळी शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांना क्रमांक असत. पाठवणारा नुसता आकडा सांगे, पोचल्या गावचा तारबाबू आपल्याकडच्या यादीत बघून पूर्ण वाक्य लिहून देई. दोन्हीकडे आधीपासून असलेली एकच यादी, आणि ऐनवेळी पाठवायचा एक छोटा आकडा. १४ जुलै २०१३ ला देशातल्या शेवटच्या तारा गेल्या. टेलिपोर्टेशन समजून घ्यायला याहून जवळचं उदाहरण मला सापडलेलं नाही.

१९९३ मध्ये चार्ल्स बेनेट, जिल ब्रासार, क्लोद क्रेपो, रिचर्ड जोझा, आशर पेरेस आणि विल्यम वूटर्स या सहा जणांनी एक शोधनिबंध लिहिला. समजा, एका कणाची अवस्था आपल्याला दुसरीकडे पाठवायची आहे, आणि ती अवस्था काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही. मोजायला जावं तर ती मोडते, हा क्वांटम जगाचा, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांच्या जगाचा, नियम. मग करायचं काय? आधी एकमेकांत गुंतलेल्या, म्हणजे ज्यांची अवस्था सुटी सुटी नसून दोघांची मिळून एकच असते अशा, कणांची एक जोडी तयार करायची, त्यातला एक आपल्याकडे ठेवायचा, दुसरा लांब पाठवून द्यायचा. ही झाली दोन्हीकडची यादी, फक्त या यादीत काय लिहिलंय हे कुणालाच माहीत नसतं, आणि ती एकदाच वापरता येते. मग पाठवायचा कण आणि आपल्याकडचा जोडकण यांचं एकत्र मोजमाप करायचं. उत्तर चारांपैकी एक येतं. ते मूळ अवस्थेबद्दल चकार शब्द सांगत नाही, पण ते साध्या फोनवरून पलीकडे कळवलं की पलीकडचा माणूस त्याच्या कणावर चारांपैकी योग्य ती क्रिया करतो, आणि त्या कणाला हुबेहूब मूळची अवस्था येते. मूळ कण जागेवरच असतो. त्याच्यात होतं ते मात्र गेलेलं असतं.

यात तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवायला हव्यात. पदार्थ हलत नाही. फोन केल्याशिवाय काम पुरं होत नाही, म्हणून प्रकाशाहून वेगाने काहीही पोचत नाही. आणि मूळ अवस्था नष्ट झाल्याशिवाय दुसरीकडे ती उमटतच नाही. आपल्या कल्पनेतल्या टेलिपोर्टेशनशी यातल्या तिसऱ्या गोष्टीचंच काय ते नातं. एका पत्रकाराने पेरेसना विचारलं होतं की शरीराबरोबर आत्माही पाठवता येईल का. ‘फक्त आत्माच’, असं उत्तर त्यांनी दिलं. पेरेस काही श्रद्धाळू गृहस्थ नव्हते, पण उत्तर नेमकं होतं. पलीकडे पोचतं ते द्रव्य नसतंच.

१९९७ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला भौतिकशास्त्रज्ञ अँटन झायलिंगर यांच्या गटाने हे एका फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या एका कणावर, करून दाखवलं. २००४ मध्ये इन्सब्रुक आणि अमेरिकेतलं बोल्डर, दोन्हीकडे विद्युतभारित अणूंच्या अवस्था पाठवल्या गेल्या. २०१२ मध्ये कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा ते तेनेरिफे हे १४३ किलोमीटरचं अंतर झालं. २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी तिबेटमधल्या न्गारीहून मिशियस उपग्रहापर्यंत १४०० किलोमीटरची मजल मारली. २०२२ चं नोबेल झायलिंगर यांना अलँ अस्पे आणि जॉन क्लॉझर यांच्याबरोबर मिळालं. अशी बातमी आली की मथळ्यात ‘टेलिपोर्टेशन’ असतं, सोबत निळ्या प्रकाशात विरघळणाऱ्या माणसाचं चित्र असतं, आणि वाचणारा हिशेब मांडतो: काल फोटॉन, आज अणू, परवा उंदीर, तेरवा मी. चूक या हिशेबातच आहे. ती का आहे हे सांगण्याआधी पलीकडच्या बाजूचे जे खरोखर बळकट मुद्दे आहेत ते मान्य करते, कारण त्या सभेत ते कुणी मांडले नाहीत.

पहिला मुद्दा: ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्यांचा इतिहास वाईट आहे. १८३५ मध्ये ओग्युस्त कोंत या फ्रेंच विचारवंताने लिहून ठेवलं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीही कळणार नाही. तिथे जाता येत नाही, तुकडा आणता येत नाही, मग कळणार कसं? तर्क बिनतोड वाटतो. तो वारला १८५७ मध्ये, आणि दोनच वर्षांनी किर्कहोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रकाशाच्या वर्णपटातून सूर्यातली मूलद्रव्यं ओळखायची रीत शोधली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूरला दुर्बीण लावून बसलेल्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातल्या एका पिवळ्या रेषेचा माग काढता काढता हेलियमचा शोध लागला. त्या ग्रहणाची आठवण म्हणून आपल्या विजयदुर्गावर ‘साहेबांचे कट्टे’ आजही दाखवतात. तेव्हा ‘अशक्य’ हा शब्द सांडायच्या आधी कोंत आठवावा, हे मला कबूल आहे.

दुसरा मुद्दा याहून वजनदार. माणसाच्या टेलिपोर्टेशनला निसर्गाचा कोणताही ज्ञात नियम थेट मनाई करत नाही. प्रकाशापेक्षा वेगाने जाण्याला मनाई आहे, शून्यातून ऊर्जा काढण्याला मनाई आहे. अवस्थेच्या स्थलांतराला मात्र तत्त्वतः आकाराची मर्यादा कुठेही लिहिलेली नाही. आणि तिसरा मुद्दा, जो मला स्वतःला फार आवडतो, तो आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या कामातून निघतो. १९२४ मध्ये ढाक्याहून त्यांनी आइनस्टाइनला जो निबंध पाठवला, त्याचा गाभा हा होता की प्रकाशाचे दोन सारखे कण एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत. हा कण ‘हा’ आणि तो ‘तो’, असं म्हणण्यालाच अर्थ नाही. पुढे इलेक्ट्रॉनपासून अणूंपर्यंत सगळीकडे हे खरं ठरलं. मग लंडनमधल्या कार्बनने माझं शरीर पुन्हा रचलं तर ‘तो माझा कार्बन नाही’ ही तक्रार कशी टिकेल? तशीही माझ्या शरीरातलं पाणी काही आठवड्यांत बदलतं आणि मी मीच राहते. द्रव्य म्हणजे मी नव्हे. इथवर मी अनुकूल बाजूबरोबर आहे.

पण नियमाची मनाई नाही, म्हणजे होणारच, हे कुठून आलं? राइट बंधूंचं उदाहरण देणारे एक गोष्ट विसरतात. १७ डिसेंबर १९०३ च्या आधीही आकाशात घारी होत्या. हवेहून जड वस्तू उडते याचा पुरावा प्रत्येकाच्या डोक्यावरून रोज जात होता. प्रश्न फक्त आपल्याला ते कसं जमवायचं एवढाच होता. टेलिपोर्टेशनची घार कुठे आहे? निसर्गात कोणता जीव इथे विरून तिथे उमटताना आपण पाहिला? राइट बंधूंपेक्षा इथे किमयागार जास्त लागू पडतात. शिशाचं सोनं करायला शतकानुशतकं माणसं भट्ट्यांपुढे बसली. रसायनशास्त्राने सांगितलं, अशक्य. मग १९१९ मध्ये रदरफर्ड यांनी नायट्रोजनचा ऑक्सिजन करून दाखवला आणि सगळं चित्र पालटलं. एका मूलद्रव्याचं दुसरं होऊ शकतं! आज शिशाचं सोनंही होतं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत शिशाची अणुकेंद्रकं एकमेकांजवळून प्रचंड वेगाने जाताना त्यांतल्या काहींमधून तीन प्रोटॉन निघून जातात आणि सोन्याचं केंद्रक उरतं. २०१५ ते २०१८ या काळात अशी सुमारे ८६०० कोटी केंद्रकं तयार झाली, असा हिशेब तिथल्या ॲलिस प्रयोगाने २०२५ मध्ये मांडला. सगळ्यांचं मिळून वजन भरलं २९ पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या सुमारे चौतिसाव्या हिश्शाइतकं, आणि तेही क्षणार्धात फुटून गेलं. किमयागाराचं स्वप्न खरं झालं का? तत्त्वाने झालं. पण त्याला जे हवं होतं त्यातलं काही झालं नाही, आणि उद्याही कुठला सोनार सर्नकडे सोनं मागायला जाणार नाही. ‘शक्य’ या एका शब्दात आपण किती निरनिराळ्या गोष्टी कोंबतो, ते इथे दिसतं.

आता कात्रीचं पहिलं पातं. खरंखुरं, क्वांटम पद्धतीचं टेलिपोर्टेशन माणसावर करायचं ठरवू. सत्तर किलोच्या शरीरात सुमारे सातावर सत्तावीस शून्यं इतके अणू असतात. मिशियसच्या प्रयोगात ३२ दिवसांत ९११ फोटॉन यशस्वीपणे पोचले होते. ते जाऊ दे, आपण अतिशय उदार होऊ आणि सेकंदाला एक लाख कोटी अणू पाठवणारं यंत्र गृहीत धरू. तरी एका माणसाला २२ कोटी वर्षं लागतात. पृथ्वीवर डायनासोर नुकतेच अवतरले होते तेव्हा काम सुरू केलं असतं, तर आत्ता संपत आलं असतं. कुणी म्हणेल, एका यंत्राऐवजी अब्जावधी यंत्रं लावा. लावली. पण प्रत्येक अणूसाठी आधीपासून जपून ठेवलेली एक गुंतलेली जोडी हवी, आणि मोजमाप सगळ्यांचं एका दमात व्हायला हवं. प्रयोगशाळेत ज्या अणूंवर हे होतं, ते निर्वात पोकळीत, निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे तापमानाच्या सर्वांत खालच्या टोकाच्या, अगदी जवळ, लेझरने थंड करून जवळजवळ स्थिर टांगलेले असतात. आपलं शरीर ३७ अंशांवर असतं, त्यातला पाण्याचा प्रत्येक रेणू सेकंदात अब्जावधी वेळा शेजाऱ्याला धडकतो. जिवंत असणं म्हणजेच ही खळबळ. ती थांबवली तर पाठवायला माणूस उरत नाही, आणि चालू ठेवली तर पकडायला अवस्था हाती लागत नाही. अडचण यंत्राच्या वेगाची असती तर मी वाट पाहायला तयार झाले असते. ही अडचण उबदार आणि ओल्या जीवाच्या स्वरूपातलीच आहे.

पुष्कळांच्या मनात याहून सोपी कल्पना असते: शरीराची ऊर्जा करायची, ती पाठवायची, तिकडे पुन्हा शरीर करायचं. सत्तर किलो वस्तुमानाची ऊर्जा केली तर ती हिरोशिमावर पडलेल्या एक लाख बॉम्बइतकी भरते. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

हुशार प्रतिपक्षी इथे थांबणार नाही. तो म्हणेल, बाई, क्वांटम अवस्था हवीच कशाला? मेंदू इतका गरम आहे की त्यातल्या क्वांटम करामती निमिषाच्याही कितीतरी लहान अंशात विरतात. मॅक्स टेगमार्क या भौतिकशास्त्रज्ञाने २००० साली हे गणिताने मांडलं आहे. म्हणजे माझ्या आठवणी, माझा स्वभाव, ‘मी’, हे सगळं पेशींच्या जोडणीच्या पातळीवर लिहिलेलं असणार. अणू न् अणू नको, नकाशा पुरे. हा मुद्दा मला सगळ्यांत बळकट वाटतो. बहुतेक तो बरोबरही असावा. पण तो मान्य केला की कात्रीचं दुसरं पातं खाली येतं.

नकाशा किती मोठा? २०२४ मध्ये हार्वर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी मानवी मेंदूच्या एका घनमिलिमीटरचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान तुकड्याचा, नकाशा प्रसिद्ध केला. त्यात ५७ हजार पेशी होत्या, सुमारे १५ कोटी जोडण्या होत्या, आणि माहिती भरली १४०० टेराबाइट. अख्खा मेंदू असे बारा लाखांहून जास्त तुकडे. आणि हा नकाशा मिळवायला तो तुकडा पाच हजार पापुद्र्यांत कापावा लागला. कापल्याशिवाय बघता येत नाही, ही आजची स्थिती. नकाशा मिळाला म्हणजे जीव मिळाला असंही नाही. एका इवल्याशा सूत्रकृमीच्या ३०२ चेतापेशींचा नकाशा १९८६ मध्येच पूर्ण झाला. चाळीस वर्षं होत आली, तरी त्या नकाशावरून तो कृमी पुढच्या क्षणी काय करील हे आपल्याला धड सांगता येत नाही. तरीही मी मानते की या वाटेवर नियमाची भिंत नाही. हजार वर्षांनी कुणी हे साधलंच, तर माझा वाद असा आहे की त्याने टेलिपोर्टेशन साधलेलं नसेल.

कारण नकाशा वाचता येत असेल, तर तो वाचून झाल्यावर मूळ माणूस शिल्लक राहू शकतो. नकाशाच्या दहा प्रतीही निघू शकतात. समजा, मी पुण्यातल्या यंत्रात उभी राहिले, नोंद घेतली गेली, लंडनमध्ये माझ्यासारखी बाई डोळे उघडून ‘पोचले’ म्हणाली. आणि पुण्यातली मी अजून इथेच आहे. यंत्र चालवणारा मुलगा नम्रपणे सांगतो, ‘मॅडम, तुम्ही पोचलात, आता इथली नोंद मिटवायची आहे.’ मी होकार देईन? तुम्ही द्याल? लंडनमधल्या बाईला माझी प्रत्येक आठवण असेल, आईच्या तारेची उचकटलेली पट्टीसुद्धा. ती खोटी नसेल, ढोंगी नसेल. पण मरणार मीच. आणि समजा नोंद घेता घेताच मूळ शरीर नष्ट होत असेल, तर फरक एवढाच की मला तक्रार करायला वेळ मिळत नाही. यालाच प्रवास म्हणायचं?

आपल्याकडे शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची कथा आहे. ते राजा अमरूच्या मृत देहात शिरतात, तेव्हा स्वतःचा देह गुहेत ठेवून शिष्यांना पहाऱ्याला बसवतात. ज्या मुलीने नारदमुनींवर टाळ्या घेतल्या तिला मी ही गोष्ट सांगणार होते. ही कथा विज्ञानाचा पुरावा म्हणून वापरली की ती लहान होते. प्रश्न म्हणून वाचली तर ती त्या दिवशीच्या सगळ्या भाषणांच्या पुढे आहे: मागे राहिलेल्या देहाचं काय, त्याची राखण कोणी करायची, तो जळाला तर परतायचं कुठे, हे तिला सुचलेलं आहे.

क्वांटम पद्धत इथे किती सचोटीची आहे बघा. ती मूळ अवस्था मागे ठेवूच देत नाही. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हा सिद्धान्त १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डिक्स यांनी मांडला. २००० मध्ये अरुणकुमार पती या भारतीय शास्त्रज्ञाने सॅम्युएल ब्राउनस्टाइन यांच्याबरोबर त्याचा जुळा भाऊ दाखवला: सारख्याच दोन अज्ञात अवस्था हाताशी असतील तर त्यांतली एक नुसती पुसून टाकता येत नाही. प्रत काढता येत नाही, पुसता येत नाही, इथून तिथे मात्र पाठवता येतं. ‘मीच गेले, माझी नक्कल नाही’ असं म्हणायचा हक्क फक्त या पद्धतीत मिळाला असता. आणि हीच नेमकी जिवंत माणसाला पेलत नाही.

या १९८२ च्या सिद्धान्ताची जन्मकथा मी दरवर्षी वर्गात सांगते. निक हर्बर्ट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने प्रकाशाहून वेगाने संदेश पाठवायची एक युक्ती लिहून मासिकाकडे दिली. तपासायला दोघांकडे गेली. इटलीच्या गिरार्दींनी चूक दाखवून ती नाकारली. दुसरे आशर पेरेस. त्यांनाही ती चूक असणार हे कळत होतं, पण नेमकी कुठे ते सापडत नव्हतं. तरी छापा म्हणाले, कारण ही चूक शोधताना काहीतरी मोलाचं हाती लागेल. लागलं. चूक प्रत काढण्यात होती, आणि त्यातून नक्कलबंदीचा सिद्धान्त आला, आणि अकरा वर्षांनी त्याच पेरेसांच्या सहभागाने टेलिपोर्टेशन आलं. ‘हे होणार नाही’ हे नीट सिद्ध करण्यातून ‘मग हे होतं’ निघालं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास पोकळ आऱ्यांत पारा भरून आपोआप फिरत राहणारं चाक वर्णिलं होतं. केवढा मोठा गणिती, पण ते चाक फिरत राहणारं नव्हतं. युरोपातही शेकडो वर्षं असली चाकं निघत राहिली, आणि १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने जाहीर केलं की अशा यंत्रांचे अर्ज यापुढे तपासले जाणार नाहीत. विज्ञानाची ही माघार होती का? त्याआधीच, १५८६ मध्ये, सायमन स्टेविन यांनी ‘असं चाक असूच शकत नाही’ हे धरून उताराचा नियम काढला होता, आणि १८२४ मध्ये कार्नो यांनी त्याच नकाराच्या पायावर उष्णतेच्या इंजिनाचं शास्त्र उभं केलं. म्हणून ‘विज्ञानाला काहीच अशक्य नाही’ असं कुणी कौतुकाने म्हणालं की मला वाईट वाटतं. ते विज्ञानाचं कौतुकच नव्हे. कुठे थांबावं लागतं हे सांगता येतं, म्हणून तर ते विज्ञान.

हा वाद वाईट पद्धतीने घातल्याची किंमत आपण मोजतो आहोत. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला ६००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार केंद्रांपैकी एक पवईला, आयआयटी मुंबईत आहे. करदात्यांच्या या पैशातून काय अपेक्षा ठेवायची, हे नागरिकाला कळायला हवं की नको? त्याला माणूस पाठवण्याची चित्रं दाखवली तर दहा वर्षांनी तो म्हणेल, फसवलं. आणि त्याच शब्दाच्या धुक्यात आज क्वांटम ताईत, क्वांटम पाणी, क्वांटम उपचार विकले जाताहेत. माझ्या ओळखीतल्या एका आजारी बाईंनी असल्या उपचारावर वर्षाची बचत घालवली. उपचार करणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की शास्त्रज्ञांनी टेलिपोर्टेशन केलंय, तशी तुमची व्याधी आम्ही बाहेर पाठवतो. त्यांना ते पटलं, कारण टेलिपोर्टेशन म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि खऱ्या टेलिपोर्टेशनची गरज तर फार सुंदर आहे. काचतंतूतून जाणारा प्रकाश हळूहळू गळतो. चांगल्या तंतूतही शंभर किलोमीटरनंतर शंभरातला एक फोटॉन उरतो, आणि हजार किलोमीटरवर जवळपास काहीच नाही. आपलं नेहमीचं इंटरनेट वाटेत ठिकठिकाणी सिग्नल मोठा करून पुढे धाडतं. क्वांटम अवस्था मोठी करता येत नाही, कारण मोठी करणं म्हणजे प्रती काढणं, आणि प्रत तर निघत नाही. मग पुण्याहून दिल्लीला ती पोचवायची कशी? टप्प्याटप्प्याने गुंतलेल्या जोड्या पेरायच्या, त्या एकमेकींना जोडत न्यायच्या, आणि अवस्था वाटेवरच्या तंतूत न घालता पलीकडे उमटवायची. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २०२२ मध्ये तीन केंद्रांच्या जाळ्यात, थेट जोडलेली नसलेली दोन टोकं अशी जोडून दाखवली. २०२५ मध्ये ऑक्सफर्डमध्ये दोन मीटरवरची दोन छोटी क्वांटम यंत्रं याच मार्गाने एकत्र गणित करू लागली. दोन मीटर! त्या अंतरात केवढं काम आहे हे कळलं, तर विरघळणाऱ्या माणसाच्या चित्राची कुणालाच गरज वाटणार नाही.

स्पर्धेचा निकाल सांगून झाला, पारितोषिकं झाली, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, तेव्हा प्रतिकूल बाजूचा एक मुलगा माझ्या टेबलाशी आला. तो शेवटून दुसरा आला होता. भाषणात त्याने निसर्गाशी खेळ वगैरे पाठ केलेलं म्हणून दाखवलं होतं. म्हणाला, ‘मॅडम, मी काल रात्री वाचत होतो, पण मला बोलता आलं नाही. ती अवस्था पलीकडे गेली, तर इकडच्या कणात मग काय राहतं?’ मी गुणपत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तीन गोल काढले, दोन जोडलेले, एक सुटा. मोजमाप झाल्यावर सुटा असलेला जोडकणाशी गुंतला, तशी रेघ ओढली. ‘त्याच्यात आता त्याचं स्वतःचं असं काहीच नाही, जे आहे ते या दोघांचं मिळून आहे,’ म्हणाले. त्याने पेन माझ्या हातातून घेतलं, तिसऱ्या गोलाभोवती आणखी एक गोल काढला आणि विचारलं, ‘आणि फोन येईपर्यंत याच्यात?’